सूर धरणारा आकाराम

सनई वाजवणाऱ्याला गाव ओळखतं, संबळ बडवणाऱ्यालाही ओळखतं. पण त्या दोघांच्या मागं भिंतीला टेकून, गालांचे फुगे करून जो एकच एक सूर धरून बसलेला असतो, त्याच्याकडं कोणी ढुंकून बघत नाही. लग्नात मानाचा फेटा द्यायची वेळ आली की नवऱ्या मुलाचा बाप तो सनईवाल्याच्या डोक्याला बांधतो आणि मागच्याकडं हात करून म्हणतो, "ह्यांनाबी जेवायला बसवा रं." खोलवाडीचा आकाराम वाजंत्री हा असा 'ह्यांनाबी'तला माणूस होता.

खोलवाडी म्हणजे कवठे महांकाळच्या पुढचं, कुसळं आणि दगड एवढीच काय ती श्रीमंती असलेलं माळावरचं गाव. तिथं आकारामचा थोरला भाऊ केरबा सनई वाजवायचा आणि आकाराम त्याच्या मागं सूर धरायचा. केरबाची सनई अशी, की नवरीची वाट लावताना, म्हणजे पाठवणीला, तिची आई रडायची ते रडायचीच, पण ती पोर घरातून एकदाची जावी म्हणून नवस बोललेल्या चुलत्यासुद्धा पदर डोळ्याला लावायच्या. त्या रडण्यात आकारामचाही वाटा होता. खाली सूर नसला तर वरची सनई उघडी पडते. हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि केरबाला कळत असलं तरी तो बोलून दाखवणाऱ्यातला नव्हता.

लहानपणी बापानं दोघा भावांपुढं पाण्यानं भरलेला लोटा आणि पपईच्या पानाचं पोकळ देठ ठेवलं होतं. देठातून फुंकायचं, पाण्यात बुडबुडे काढायचे आणि बुडबुडे चालू असतानाच नाकानं श्वास आत ओढायचा. बुडबुडा तुटला की पाठीत धपाटा. आकारामचा बुडबुडा केरबाच्या आधी तुटायचा थांबला. त्याचं बक्षीस म्हणून बापानं त्याच्या हातात सूर दिला. सूर म्हणजे सनईच, पण तिची भोकं मेणानं बुजवलेली. बोटं नाचवायला जागाच नाही. "तुझा दम चांगला हाय, तू धर," बाप म्हणाला, आणि आकारामनं जे धरलं ते केस पांढरे झाले तरी सोडलं नाही.

मग केरबाचे पुढचे दात गेले. आता दात गेले म्हणून नांगर अडत नाही, की भाकरी कुस्करून खायचं अडत नाही. पण सनईची पत्ती ओठांत धरायची तर ओठांना मागून आधार लागतो. केरबानं फुंकर मारली की सूर येण्याआधी फुसफुस यायची आणि पोरं तोंडावर हात धरायची. त्याच सुमारास लग्नांत लाउडस्पीकर आला. रेकॉर्ड लावली की झालं, तिला जेवू घालायला नको की फेटा बांधायला नको. वाजंत्र्यांकडं उरलं ते फक्त देवाचं. भैरोबाला रोज दुपारी नैवेद्य दाखवताना वाजवायचं, एवढ्यासाठी त्यांच्या पणज्याला ओढ्याकाठी जमिनीचा तुकडा मिळालेला होता, तेव्हा ते चुकवून भागणार नव्हतं. केरबा देवळात येऊन नुसता बसायचा आणि आकाराम एकटाच सूर धरायचा. "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं," पारावरची माणसं म्हणायची.

आकारामला ते लागायचं. म्हणूनच त्यानं एक गोष्ट केली, जी बायकोलाही सांगितली नाही. बाभळीच्या काट्यानं त्यानं सुराच्या भोकांतलं मेण टोकरून काढलं, आणि ओढ्याच्या पलीकडं जाऊन केरबाची वाट लावायची चाल वाजवायला बसला. सारा जन्म ती चाल पाठीमागून ऐकलेली; डोक्यात होती, पण बोटांना तिचा पत्ता नव्हता. चरणाऱ्या शेळ्या माना वर करून बघायच्या आणि पुन्हा खाली घालायच्या. हळूहळू चाल बसली. फार उत्तम नाही, पण कुणी ऐकली तर ओळखेल इतपत बसली. एकदा तरी चार माणसांनी आपल्याकडं तोंड करून आपलं वाजवणं ऐकावं, एवढंच त्याच्या मनात होतं. इच्छा लहानच होती, पण पन्नाशी उलटल्यावर असल्या लहान इच्छाच माणसाला फार छळतात.

असं चाललं असताना वळवाच्या वाऱ्यानं शाळेच्या एका खोलीचे पत्रे उडवून नेले, आणि चौथीचा वर्ग भैरोबाच्या ओवरीत भरायला लागला. चौऱ्याहत्तर साल होतं. दुष्काळी कामं नुकती कुठं थांबलेली; नवे पत्रे कधी येतील, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. चौथीला फरांदे बाई होत्या, वाईच्या. कृष्णाकाठची बाई या माळावर आली की आधी रडते आणि मग बदलीच्या खटपटीला लागते, असा गावाचा अनुभव. फरांदे बाई रडल्या नाहीत. त्यांना वेगळीच खोड होती. त्या प्रश्न विचारायच्या. गुरवाला त्यांनी विचारलं, सगळे देव पूर्वेला बघतात, मग तुमच्याच भैरोबाचं तोंड मावळतीला का? केरबाला विचारलं, दात गेल्यावर आधी कुठला स्वर बिघडला, वरचा की खालचा? केरबा मग बरेच दिवस बाई दिसल्या की बोळात वळायचा.

बाईंच्या वर्गात रहिमान मणेराची दिलशाद होती. रहिमान सायकलवर पेटी बांधून बाजारोबाजार बांगड्या विकायचा. दिलशाद चौथीत दुसऱ्यांदा बसली होती, आणि गंमत अशी की पोरगी ढ नव्हती. कविता एकदा ऐकली की तिला पाठ. तोंडी काही विचारलं तर उत्तर वर्गात पहिलं तिचं. पण पाटीवर गणित घातलं, की पहिला आकडा लिहीपर्यंत पाल चुकचुकायची. पालीकडं बघता बघता नजर घंटेवर जायची, घंटेवरून खांबावरच्या मुंगळ्यावर, आणि मुंगळा एवढ्या घाईनं कुठं निघालाय हे बघायला दिलशाद स्वतःच उठून जायची. परत येईपर्यंत बेरीज होती की वजाबाकी, कशाचा कशाला मेळ नसायचा. आधीच्या मास्तरांनी तिच्यावर छडी चालवून बघितली. पोरगी मार खाता खाता ती छडी कुठल्या झाडाची आहे ते विचारायची.

"डोस्क्यात भिंगरी हाय वो तिच्या," रहिमान म्हणायचा. लाडाची लेक होती, पण त्यालाही काही सुचत नव्हतं. मदतीला घ्यावी तर माल काचेचा. शेवटी त्यानं बाईंना सांगून टाकलं, "आवंदा पास झाली तर बरं, न्हाईतर मिरजंला तिच्या खालाकडं धाडतो. घरकाम तरी शिकंल. एकाच इयत्तंत किती येळा बसवू, तुमीच सांगा."

या सगळ्याशी आकारामचा काडीचा संबंध नव्हता. तो आपला दुपारी यायचा, नैवेद्याला सूर धरायचा आणि जायचा. एके दिवशी वाजवून झाल्यावर तो पत्ती पुसत बसला होता, तर समोर फरांदे बाई उभ्या, हातात पाटी. आकारामला वाटलं, झालं, गाऱ्हाणं आलं.

"बंद करतो बाई," तो आधीच म्हणाला. "पर देवाचं हाय, वाईच तरी वाजवाय लागतंय."

"बंद? अहो, आधी हे बघा."

पाटीच्या वरच्या अंगाला गिरगोट्या होत्या, अर्धे सोडलेले आकडे आणि एक मुंगळा. खालच्या अंगाला गणितं, सरळ ओळीत, एकाखाली एक.

"हे वरचं तुम्ही येण्याआधीचं. खालचं तुम्ही वाजवत होता तेव्हाचं. काल असंच झालं, परवाही असंच. दिलशादनं जागचं हलायचं नावसुद्धा घेतलं नाही. मामा, तुम्ही वाजवता म्हणजे नेमकं करता तरी काय?"

आकारामला हा प्रश्न उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यानं पुष्कळ विचार केला. "काय न्हाई बाई," तो म्हणाला. "धरून बसतो."

दुसऱ्या दिवसापासून बाईंचे प्रयोग सुरू झाले. त्या सांगतील तेव्हा आकाराम वाजवायचा, सांगतील तेव्हा थांबायचा, आणि खांबाआडून दिलशादकडं डोळा ठेवायचा. सूर सुरू झाला की पोरगी आधी जराशी चुळबुळायची, मग मान खाली जायची, जिभेचं टोक बाहेर यायचं आणि पेन्सिल चालायला लागायची. सूर थांबला की थोड्या वेळानं मान वर. जणू कुणी हात धरला होता आणि आता सोडला. हे असं का होतं, याचा आकारामलाही नाद लागला. जेवताना त्याचा घास हातात राहायचा.

गुरवाचं म्हणणं, ही भैरोबाची कृपा. त्यावर रहिमान म्हणाला, "मणेराच्या पोरीवर झाली म्हंता, मग तुमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?" बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी दिलशादला आणि आकारामला उचलून देवळाबाहेर लिंबाखाली बसवलं. तिथंही गणितं सरळ आली. तेव्हा देवाचं नाव त्यातून वजा झालं आणि गुरव थोडे दिवस रुसला.

मग बाईंनी स्वतःचा ट्रान्झिस्टर आणला. त्यांच्या फौजेतल्या भावानं दिलेला. सांगली केंद्रावरची गाणी लागली आणि अख्खा वर्ग डोलायला लागला. दिलशादला गाणं कडव्यांसकट पाठ झालं, पाटी कोरी. मग बाई स्वतः गुणगुणून बघत्या झाल्या, तर पोरं त्यांच्या तोंडाकडं बघत बसली. मग केरबाला संबळ घेऊन बोलावलं. त्या दिवशी निम्मा वर्ग बसल्या जागी नाचला, गणित कुणाचंच झालं नाही, पण केरबाला फार बरं वाटलं. पुन्हा आकारामचा सूर लावला, की पुन्हा त्या पोरीची मान खाली. तिच्यासारखीच आणखी दोन-तीन भिरभिरी पोरं होती, तीही गोगलगाईसारखी पाटीला चिकटायची. उलट पाटलांचा हंबीर कानांत बोटं घालून ओरडला, "बाई, माझं डोस्कं उठतंय." बाईंनी त्याला पलीकडच्या ओवरीत बसवलं. सगळ्यांच्या तापाला एकच काढा चालत नाही, हे त्यांनी मुकाट्यानं मान्य केलं.

आकारामला मात्र समोर बसू देईनात. समोर बसला की दिलशाद गणित सोडून त्याच्या फुगलेल्या गालांकडं बघायची; एकदा तर येऊन बोटानं दाबून गेली. मग बाईंनी त्याला खांबाच्या मागंच बसवलं. इथंही पुन्हा मागंच, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण एरवी तो खुशीत होता. धुतलेलं धोतर नेसून यायचा. पारावरची माणसं "आकाराम मास्तर" म्हणून चिडवायची आणि तो चिडायचा नाही.

माणूस खुशीत आला की त्याची हिंमत वाढते. एक दिवस आकारामनं ठरवलं, आता होऊन जाऊ दे. सूर धरता धरता त्यानं भोकांवरची बोटं उचलली आणि वाट लावायची चाल सुरू केली. पोरांच्या माना वर झाल्या. मग एकेक जण उठून खांबाला वळसा घालून त्याच्यासमोर येऊन बसलं. हंबीरसुद्धा पलीकडच्या ओवरीतून पळत आला. दिलशाद तर त्याच्या मांडीला टेकून, तोंड उघडं टाकून ऐकत होती. गाभाऱ्यापाशी केरबा ताठ बसला. चाल संपली आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. आकारामला आकाश ठेंगणं झालं.

"फार गोड," फरांदे बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. "पण मामा, वर्गात नको हं. वर्गात फक्त सूर." त्यांनी दिलशादची पाटी दाखवली. पाटीवर एक आकडा होता, तोही अर्धा.

"म्हंजी मी वाजवायचं," आकाराम म्हणाला, "पर कुणी ऐकायचं न्हाई?"

बाईंना खोटं बोलता येत नव्हतं, हा त्यांचा आणखी एक दुर्गुण. "हो," त्या म्हणाल्या. "ऐकलं की बिघडतं."

आकाराम उठला आणि घरी गेला. "मी काय लोहाराचा भाता हाय?" तो केरबापुढं फणफणला. "नुसता वारा घालत बसू?"

"जलमभर घातलासच की रं," केरबा म्हणाला. मग दुसरीकडं बघत म्हणाला, "चाल बरी बसलीया तुझी. मधल्या वळणाला वाईच घाई करतोस." केरबाच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे मानाची शालजोडीच म्हणायची. पण आकाराम इतका तापलेला होता की त्याच्या ते डोक्यात शिरलंच नाही.

त्यानंतर तो नैवेद्यापुरता देवळात यायचा, घाईघाईनं देवाचं उरकायचा आणि वर्गाकडं न बघता निघून जायचा. बाई दोनदा बोलवायला आल्या, तो घरात असून नाही म्हणाला. परीक्षा जवळ आली. दिलशाद पुन्हा मुंगळ्यांच्या मागं लागल्याचं बायकोनं सांगितलं. आकारामनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण भाकरी अर्धी टाकून उठला.

एक दिवस पोरगीच दारात उभी राहिली. आत येता येता तिनं आधी कोंबडीची पिल्लं बघितली, मग रांजणात डोकावून स्वतःला हाक मारून बघितली, मग दाराची कडी वाजवली, आणि शेवटी कशासाठी आलोय ते आठवून आकारामपुढं येऊन बसली.

"आबा, तुमी का येत न्हाई?"

"माझी चाल तुमास्नी नगं हाय म्हणून."

"मला लय आवडली की!"

"मग गणित का केलं न्हाईस?"

दिलशादनं विचार केला. ती विचार करताना तिची बोटं घोंगडीतली दशी ओढत होती, पण नजर जागेवर होती. "आबा, चाल लागली की म्होरं काय येतंय त्ये बघाय लागतंय," ती म्हणाली. "पालीचं तसंच, मुंगळ्याचं तसंच. आता काय करतूय, मग काय करतूय. तुमच्या सुराचं तसं न्हाई. त्येच्या म्होरं काय येतच न्हाई."

केरबा असा हसला की त्याला ठसका लागला. आकाराम हसला नाही. पोरगी पिल्लांच्या मागं परसात गेली तरी तो तसाच बसून राहिला. पुढं काही येत नाही. खरंच की. सनई वाजते तेव्हा माणसाचा जीव पुढच्या स्वराकडं लागलेला असतो. म्हणून तर बायका रडतात. सुरात पुढं जायचंच नसतं, मग मनानं तरी कशाला पळावं? सारा जन्म आपण ही वस्तू तोंडात धरून बसलो आणि ती कसली आहे, हे एका मणेराच्या पोरीनं सांगावं लागलं! त्याला नवल वाटलं, आणि नवलाखाली कुठंतरी दुखतही होतं. आपल्याजवळ देण्यासारखं जे आहे ते न ऐकण्यासाठीच आहे, हे कबूल करणं सोपं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात गेला. बाईंनी तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. मेण मात्र आकारामनं परत भरलं नाही. भोकं बोटांनी दाबूनच तो सूर धरायचा. एवढी एक फट त्यानं स्वतःसाठी उघडी ठेवली.

परीक्षा घ्यायला तालुक्याचे साहेब येणार होते. बाईंनी हेडमास्तरांना पटवून गणिताचा पेपर बरोबर दुपारी ठेवला, म्हणजे नैवेद्याच्या वेळेला. देवाचं वाजवणं कोण बंद करणार? राहता राहिला गुरव. नैवेद्य तो पळीभर पाणी फिरवून उरकायचा. त्याचा रुसवा काढायला बाईंनी घरून पुरणाचं ताट आणलं. त्या दिवशी खोलवाडीचा भैरोबा जेवढा सावकाश जेवला तेवढा तो ना आधी कधी जेवला होता, ना नंतर.

साहेब ओवरीसमोरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले. शेजारी सरपंच तात्याबा, चार पुढारी आणि पारावरची सगळी मंडळी. रहिमान बाजार बुडवून सायकल धरून दूर उभा होता. पेपर वाटले गेले आणि खांबामागून सूर सुरू झाला. दिलशाद चुळबुळली, तिनं घंटेकडं एकदा बघितलं, मग तिची मान खाली गेली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"देवाचं हाय साहेब, रोजचंच," तात्याबा म्हणाला.

साहेब नाराज झाले नाहीत. उलट त्यांना गाण्याबजावण्याची आवड निघाली. थोडा वेळ त्यांनी ऐकलं, मग खुर्चीतून वाकून खांबामागं बघितलं. "नुसता सूरच धरलाय? अहो, भोकं तर आहेत याला, तुम्ही बोटांनी दाबलीत ती! एखादी चीज होऊन जाऊ द्या की."

"वाजव रं आकाराम," तात्याबा म्हणाला. "साहेब म्हंत्यात."

आणि सगळ्या माना आकारामकडं वळल्या. साहेब, सरपंच, पुढारी, पारावरची टवाळ मंडळी, सगळी त्याच्याकडं तोंड करून बसली होती आणि त्यानं वाजवायची वाट बघत होती. चाल त्याच्या बोटांत येऊन उभी होती. एक बोट उचलायचं, बस. आकारामचे डोळे दिलशादवर गेले. ती वाकून लिहीत होती, जिभेचं टोक बाहेर, केसांची बट कागदावर लोळत होती. फळ्यापाशी फरांदे बाई उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या साहेबांना काही बोलू शकत नव्हत्या. पलीकडं रहिमाननं सायकलची मूठ घट्ट धरली होती.

तोंड उघडलं तर सूर तुटला असता. आकारामनं नुसती मान हलवली. नाही.

"येत नाही?" साहेबांना आश्चर्य वाटलं. "एवढी वर्षं वाजवता आणि एक चाल येत नाही?"

आकारामनं पुन्हा मान हलवली. येत नाही.

"अवो साहेब," तात्याबा म्हणाला, "ह्या घरात एका भावाला दात न्हाईत आन् दुसऱ्याला चणं न्हाईत." साहेबांसकट सगळे हसले. केरबा मात्र तांबडालाल झाला. तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि म्हणाला, "साहेब, त्येला येतंया. माझ्या भावाला—" आकारामनं त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं कुणास ठाऊक, पण आयुष्यात पहिल्यांदा थोरल्यानं धाकट्याचं ऐकलं आणि खाली बसला. मंडळींच्या माना पुन्हा एकमेकांकडं वळल्या आणि ऊस, पाणी, साखर कारखाना अशा गप्पा सुरू झाल्या. सूर चालूच होता.

पेपर संपले. साहेबांनी ते तिथंच बसून तपासले. दिलशादचा पेपर त्यांनी दोनदा उलटून बघितला, कारण बाई खुर्चीच्या अगदी मागं उभ्या राहिल्या होत्या. "एक चुकलंय," ते म्हणाले. "बाकी सगळं बरोबर आहे. अक्षर मात्र सुधारा म्हणावं." बाईंनी पदर तोंडाला लावला आणि रहिमानकडं बघून मान हलवली. रहिमाननं सायकल तिथंच सोडली. ती पडली, पेटीतल्या बांगड्या खळकन् फुटल्या, आणि त्यानं मागं वळूनही बघितलं नाही.

आकारामनं सूर खाली ठेवला. गाल बधिर झाले होते, ओठांना चव नव्हती. एवढा वेळ सलग त्यानं कधी धरला नव्हता. केरबा त्याच्याशेजारी येऊन पाण्याचा तांब्या धरून बसला होता. तेवढ्यात खांबाला वळसा घालून दिलशाद उड्या मारत आली आणि आकारामला बघून एकदम थबकली.

"आबा! तुमी कवा आला? मला वाटलं आज तुमी आलाच न्हाई!"

आकारामला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. मग त्यानं पोरीच्या कपाळावरची बट मागं सारली.

"ह्ये काय, आत्ताच आलो बघ," तो म्हणाला.